मुलाचे वडील काय करतात?

हॅलो? … हां ताई, बोल. … छे गं, कसली कामात! कपडे वाळत घालतेय. … हो, काल गेले होते ना दादाकडे. भाचीला बघायला मुलाकडचे येणार आणि आत्या घरात बसेल? … सांगते, सांगते. अगं, आधी चिमटे तर ठेवू दे हातातले!

तर वहिनीनं दादाला कोट चढवला होता. … आपल्या दादाला! लिफ्टच्या खड्ड्यात उतरून उतरून ज्याची पाठ वाकली, त्याला शेजाऱ्याचा कोट. बाह्या पार बोटांपर्यंत. … बरंच झालं, नखांतलं ग्रीस झाकलं गेलं. सकाळी तासभर दात घासायच्या ब्रशनं नखं घासत होती ती. … नाही गं, त्याच्याच ब्रशनं.

आणि पढवलं काय? 'लिफ्ट दुरुस्त करतो' म्हणायचं नाही. 'उभ्या वाहतुकीचा सल्लागार' म्हणायचं. … हसू नकोस, ऐक ना! तेही इंग्रजीतून. बिचाऱ्याची जीभ दर वेळी मधल्याच मजल्यावर अडकायची.

… आले ना. आई, वडील, मुलगा. आईच्या हातात ही एवढी पर्स. बसल्याबसल्या म्हणाली, "आमचे हे हॉटेल व्यवसायात आहेत." वहिनी इतकी हरखली की चहा बशीत. तोही उसन्या कपांतला.

… नाही, ते वडील गप्पच. दादाही गप्प. दोघं एकमेकांकडे बघतात, मग छताकडे बघतात. मला वाटलं, पटलेलं दिसत नाही. इकडे वहिनी म्हणतेय, "यांना दिवसभर कामगारांशी डोकं लावावं लागतं." तर ती बाई, "आमच्या यांना नोकरमाणसांची भाषाच कळत नाही हो!" … हो, हो, अगदी अस्संच म्हणाली!

मग चहा संपला. आणि ते वडील उठले… सवयीनं गं! सातही कपबश्या एका हातावर रचल्या, दुसऱ्या हातानं टेबल पुसलं आणि पाठीनं दार ढकलून थेट स्वयंपाकघरात! … अगं वेटर! तीस वर्षं वेटर!

दादा ओरडला, "अरे मिशीवाल्या, हळू! कप शेजारचे आहेत!" … ओळखतात म्हणजे? त्या हॉटेलच्या लिफ्ट दादाच बघतो. दर महिन्याला दोघं मागच्या बाजूला खोक्यांवर बसून डबा खातात. बायकांच्या धाकानं अर्धा तास परके होऊन बसले होते!

… वहिनी? पांढरीफटक. म्हणाली, "वेटरच्या घरात माझी मुलगी जाणार नाही." ती बाई पर्स घेऊन उभी. "आणि आम्ही लिफ्टवाल्याची करून घ्यायची का?" भाची रडायला लागली. मुलगा दारात तसाच उभा, ना आत ना बाहेर.

… दादाच बोलला. कोट काढला, खुर्चीला टांगला. म्हणाला, "माझा पाय मोडला तेव्हा या माणसानं मला पाठीवर घेऊन सात मजले उतरवलं. लिफ्ट मीच बंद केलेली होती. पोरगी याच घरात जाईल. ज्यांना लाज वाटते, त्यांनी लग्नात आपापली ओळख सांगू नये." … आपला दादा, हो! वहिनीसमोर!

… मग काय, ठरलं. पुढच्या महिन्यात. दोघी विहिणी तोंडं पाडून बसल्या होत्या, पण बसल्या.

… काय म्हणालीस? … सासरी काय सांगू, भाचीचा सासरा वेटर? … ताई, आपले बाबा काय करायचे गं? … बोल ना. … छत्र्या दुरुस्त करायचे, रस्त्याकडेला. आणि तुझ्या कॉलेजात डबा द्यायला आले की तू मैत्रिणींना काय सांगायचीस? 'आमचा गडी आहे.' … मला कसं कळलं? बाबांनीच सांगितलं. हसत हसत. … नाही गं, मी कुठली शहाणी! मी तर ते दिसले की रस्ताच बदलायचे.

… ताई? … हॅलो? … रडतेयस? … बरं, सर्दी. सर्दी तर सर्दी. … मला नको सांगूस, भाचीला फोन कर. कालपासून ती तुझ्या फोनची वाट बघतेय. … हो, आत्ताच. … मी ठेवते, तू लाव.