चित्राला टिकली

...आन् वर मलाच म्हनती, "आप्पा, हळू बोला, हितं लोक चित्रं बघत्यात!" आता तुमास्नी सांगतो मंडळी, सतरा वर्षं फौजेत हुतो, हवालदार म्हनून घरी आलो, परेडवर माझा आवाज टेकडीपल्याड जायचा, आन् माझीच पोरगी मला म्हनती हळू बोला! कशापायी? चित्रांची झोपमोड हुईल म्हनून? आन् मुळात मला सांगा, चित्रात बघायचं काय असतंय?

न्हाई, हसू नका, ऐका तर खरं. ही माझी पोरगी साक्षी. अंगानं काटक, पळाय लागली तर कोरेगावात तिला कुनी गाठत न्हाई. म्या म्हनलं, पोलीस भरतीत जा. तर म्हनती, "आप्पा, मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय." झालं! दोन म्हैनं घरात अबोला. शेवटी म्या तह केला. म्हनलं, सांगलीला तुमचं परदर्शन हाय न्हवं? त्यात तुझं येक चित्र जरी इकलं गेलं, तर खुशाल कॉलेजात जा. न्हाई गेलं, तर गुमान भरतीचा फॉर्म भर. पोरगी म्हनली, कबूल. म्या मनात म्हनलं, जिकली लढाई! फुकटचं कॅलेंडर मिळत असताना इकत चित्र कोन घेतंय?

शेवटच्या दिवशी फॉर्म खिशात घातला, राहीबाईला, म्हंजे आमच्या मंडळीला, संगं घेतलं आन् निघालो. विश्रामबागेत वाचनालयाच्या माडीवर ते कलादालन. दालन म्हनल्यावर मला वाटलं दरबार असंल! तर दोन खोल्या आन् येक पंखा, त्योबी कुरकुरतोय. दारात पाटी, 'पाच होतकरू कलाकारांचे प्रदर्शन'. होतकरू म्हंजे काय? म्हंजे अजून व्हायची हायत! आमी दोघांनी दारात चपला काढल्या, भिताडाला टेकून नीट ठेवल्या, आत गेलो, तर समदी बूट घालून फिरत्यात! परत फिरलो, तर आमचं बघून मागनं आल्याली चार मानसं अनवाणी हात जोडून उभी.

राहीबाई पानी प्यायला नळाकडं गेली. मी येकटाच भिंतीपुढं. चित्रात बघायचं काय असतंय, असं पुटपुटत पयल्या चित्रापशी गेलो... आन् बाही खाली वढली! का? तर पल्लवी म्हनून पोरगी हाय, तिनं उसाचं पाचट काढल्यालं. नुसतं पाचट! पन अशी धार, गड्यानू, की हात कापल वाटलं! उसातच ल्हानाचा मोठा झालो, पन त्या पानाच्या कडंला असा पांढरा उजेड असतोय हे मला ठावंच न्हवतं. फुडं साईराज म्हनून पोरगा, त्यानं पाटणाकडचं कोयनेचं पानी काढल्यालं. मी मागं सरलो, पाय भिजत्याल म्हनून!

तेवढ्यात अजितकुमार सर आलं. चित्रकलेचं रिटायर मास्तर, त्येंनीच हे दालन चालवल्यालं. आवाज असा, जनू मंदिरात बोलत्यात. "या, या ओ हवालदारसाहेब! हे बघा, चित्र विकलं गेलं की आम्ही चौकटीला लाल टिकली लावतो. टिकली लागली की चित्र गेलं, मग ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही." म्या बघितलं. पाचटाला टिकली. पान्याला टिकली. आन् कोपऱ्यात साक्षीच्या चित्राची चौकट मोकळी. जिकलो की न्हाई? मग फॉर्म खिशातच का ठेवला? तुमीच सांगा!

आन् मग ते चित्र बघितलं.

आमचं मागचं दार. सांजयेळ. राहीबाईनं नुकतंच तोंड धुतल्यालं, पदर हातात, मानंवर पानी. दाराशेजारी आरसा, आन् आरशाच्या कडंला तिची टिकली चिकटवल्याली, बायका तोंड धुताना लावत्यात तशी. पन डोळं! मंडळी, ते डोळं रस्त्याकडं लागल्यालं. कुनाची तरी वाट बघत्यात. पंचवीस वर्षं संसार केला म्या ह्या बाईसंगं, पन हिची ही नजर म्या कवाच बघितली न्हाई! साक्षी पलीकडं लोकास्नी चित्रं दावत हुती, तिला हाक मारून म्हनलं, पोरी, ही नजर तू आनली कुठनं?

ती म्हनली, "आप्पा, तुमी सुट्टीवर यायचं कळलं की आई रोज सांजच्याला अशी उभी ऱ्हायची. तुमी कसं बघनार? तुमी आलासा की ती टिकली लावून आत चुलीपुढं जायची."

फौजेत असताना माझ्यामागं माझ्या दारात येवढं घडत हुतं, आन् मला कुनी सांगितलंच न्हाई! परेडचा आवाज कुठं गेला कुनास ठावं. चित्रात बघायचं काय असतंय म्हनत हुतो ना? हे घ्या!

मी खिडकीकडं जाऊन डोळं पुसतोय, तोवर मागनं राहीबाई. "आवं! माझं कपाळ मोकळं काढलंय की ह्या पोरीनं! तुमी चांगलं जिते हायसा की!" म्या म्हनलं, आगं, ती आरशाला हाय टिकली. "आरशाला असून काय? मानसं आधी कपाळ बघत्यात!" पन समोर पाटी, चित्राला हात लावू नये. बाई कायद्याची पक्की. पाकिटातनं टिकली काढली, लाल, टपोरी, आन् चित्राला बोटबी न लावता, कपाळाच्या बरोबर वर चौकटीला दाबून लावली!

आन् आली की पंचाईत! त्रिशलाताई म्हनून येक बाई, हळदीच्या पेठेतल्या, सकाळीच हे चित्र बघून घरी इचाराय गेलेल्या, त्या परत आल्या. "अय्यो! गेलं का ओ हे? मला पाहिजे होतं की!" सर पळत आलं, टिकली बघितली, पोरांपैकीच कुनी लावली असंल असं समजून टाळ्याच वाजवाय लागलं. "साक्षी, अगं तुझं चित्र गेलं!" साक्षीनं येऊन माझं पाय धरलं. "आप्पा, इकलं!" समदं दालन टाळ्या वाजवतंय, अनवाणी मानसंबी! राहीबाई तर सगळ्यात जोरात, काय झालं ते ठावं नसताना!

आता खरं काय ते मलाच म्हाईत. सोपं हुतं ओ! टिकली काढायची, त्रिशलाताईंना चित्र द्यायचं, पोरगी जिकती, वचन पुरं. म्या हात उचलला... चौकटीपातूर नेला...

"आवं!" राहीबाई. "काय करताय? माझ्या कपाळाची टिकली काढताय? सोताच्या हातानं?"

सांगा, काढनार? बर्फात पहारा दिलेला मानूस मी, गोळीला न्हाई भ्यालो, पन बायकोची टिकली आपल्याच हातानं काढायची? बोट पुढं जाईना, मागं येईना! आन् खरं सांगू का? ती नजर माझ्यासाठीची हाय. ती पेठेतल्या बंगल्यात टांगायची, येनाऱ्या-जानाऱ्याची वाट बघाय? न्हाई जमायचं, गड्यानू.

म्या सावधान झालो आन् म्हनलं, "सर, चित्र म्याच घेतलंय."

त्रिशलाताई साक्षीकडं वळून म्हनल्या, "मग माझ्या आईचं काढून दे की गं. तीही अशीच उभी राहायची." सर म्हनलं, घेणाऱ्याचं नाव लिहा, कागद आहे का? म्या खिशातनं भरतीचा फॉर्म काढला, पालथा घातला आन् लिवलं, नाथाजी, मुक्काम कोरेगाव.

आता साक्षी कॉलेजात, आन् चित्र सोप्यात, माझ्या खुर्चीसमोर. पन राहीबाईची रीत बदलली. तोंड धुताना टिकली आरशाला लावत न्हाई, चित्राच्या चौकटीला लावती. म्हनती, "तेवढाच तिलाबी मान." तोंड पुसलं की काढून आपल्या कपाळाला. म्हंजे बघा, रोज सांजच्याला ते चित्र इकलं जातंय, घटकाभरानं परत इकायला निघतंय, आन् दुसऱ्या दिवशी सांजच्याला परत मीच समोर, खुर्चीत, येकटाच गिऱ्हाईक... मला काय इचारता, चित्रात बघायचं काय असतंय? मी रोज तेच इकत घेतोय!