नानांचा होकार

जळगावच्या रेडिओवर मी दर रविवारी कलांचा कार्यक्रम करते. फोटोग्राफी, नाटक, सिनेमा, पुस्तकं, सगळं त्यात येतं. एकदा धुळ्याचे नाना आले होते. नाटकात आयुष्यभर खलनायकच केलेले. मी म्हटलं, "नाना, एखादा संवाद होऊन जाऊ द्या."

नाना गरजले, "माझ्या जिवात जीव असेपर्यंत हे लग्न होणार नाही."

लगेच स्टुडिओतला फोन वाजला. श्रोत्यांचे फोन आम्ही थेट प्रसारणातच घेतो, तसा हाही घेतला.

"नाना, धरणगावहून तुमचा व्याही बोली ऱ्हायनू. परवा पोरांचा साखरपुडा शे. आमचं काय चुकलं?"

नानांचा चेहराच उतरला. "व्याही, ते नाटकातलं होतं हो."

"पण सगळा पाव्हणा रेडिओपाशी बसेल शेतस. मंग त्या नाटकात लग्न लागतं का नाही?"

"लागतं. शेवटच्या अंकात."

"मंग तो अंक म्हणा."

"त्यात मी नाही. मी दुसऱ्या अंकातच मरतो."

 व्याही शांतपणे म्हणाले, "मंग मरायच्या आधी हो म्हणी द्या."

नानांनी माईकपुढे हात जोडले आणि लेखकाने न लिहिलेला होकार त्याच भारदस्त आवाजात देऊन टाकला.