पान उलटताना सुटलेले सूर

व्हायोलिन दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे दोघी वादक बसल्या होत्या.

“ताई, उद्या तुमचा शेवटचा कार्यक्रम. काही राहून गेलं?”

“एकतीस वर्षं वाद्यवृंदात आपल्या दोघींत स्वरलिपीचा एकच स्टँड. पान मी उलटायचं, तू वाजवत राहायचं.”

“मग?”

“उद्याच्या त्या संथ रचनेत पान नेमकं सगळ्यात गोड जागेवर संपतं. तेवढे पाच सूर मी कधी वाजवलेच नाहीत.”

“अगंबाई! बोलायचं नाही का?”

“तुझ्या हाती पान? दोन-दोन उलटशील!”

“उद्या मीच उलटणार. तुम्ही वाजवायचं.”

“वेडी! माझा सूर चुकला तर?”

“चुकू दे. मी शेजारीच आहे ना.”

तेवढ्यात कारागिरानं ताईंचं व्हायोलिन आणून त्यांच्या हाती दिलं.

“वाजवून बघू का हो इथं? पाचच सूर आहेत.”