चढावरची उचकी

…नाही दादा, गाडीला नावं ठेवू नका. गाडी गुणाची आहे. चढावर तिला उचकी लागली, एवढंच — आणि समोरचा तो पिवळा दिवा डोळे मिचकावायला लागला, म्हणून मी घाबरून तुम्हाला बोलावलं. जरा हळू घ्या, तुमच्या ट्रकवर ती मागं डुलतेय. अगदी हळूही नको. जावईबापू चार वाजता दौऱ्यावरून परततात, आणि आता — तीन वाजून गेले? मग मधलं काहीतरी घ्या. त्यांच्या आधी गाडी फाटकाच्या आत गेली पाहिजे, डावं पुढचं चाक तेलाच्या डागावर, तोंड रस्त्याकडं, होती तशी. पुढं मला अर्धा तास पुरे, इंजिन तुमची वाट बघतानाच गार झालंय. नवे चार प्लग काढायचे, जुने चार परत घालायचे, हात पुसायचे आणि खुर्चीत बसून डुलकी घेतल्यासारखं करायचं. मग गाडी कुठं गेली नव्हती, मीही कुठं गेलो नव्हतो.

हो, प्लग मीच बदलले, सकाळी. त्यांनीच सांगितलं होतं ना. म्हणजे — सांगितलं म्हणजे काय, जेवताना बोलले की गॅरेजवाले एवढ्याशा कामाला गाडी दोन दिवस ठेवून घेतो म्हणतात. दुसऱ्या दिवशी नवे चार प्लग आणून माझ्यादेखत फळीवर ठेवले. आता जावई सासऱ्यादेखत प्लग फळीवर ठेवतो, याचा अर्थ काय होतो? जो होतो तोच. आणि मी काही नवशिका नाही. तीस वर्षं दगडाच्या खाणीवर जीप चालवली. तिला हात लावायला दुसरा माणूस नव्हता, आणि असता तर मी लावू दिला नसता. तिचे प्लग मी डोळे मिटून काढत असे. एकदा पैजेवर खरोखर मिटून काढले, तर साहेबाच्या मोटारीचे निघाले. ती गोष्ट वेगळी.

ही गाडी मात्र निराळी, हे मी कबूल करतो. बॉनेट उघडलं तर इंजिन दिसेना, नुसतं काळं झाकण. ते काढलं तर खाली चार टोप्या, एकेका प्लगाच्या डोक्यावर एकेक. कॉइल म्हणतात ना त्याला, तेच. पण मी घाई केली नाही. इंजिन रात्रभर गार झालेलं, तेव्हाच हात घातला. तापल्या इंजिनाचे आटे फिरतात, हे मला कुणी शिकवायला नको. आधी सायकलच्या पंपानं फुंकून फुंकून धूळ काढली, मग प्लग सोडवला — नाहीतर सगळी माती आत. बसवतानाही पान्यानं नाही, रबरी नळीचा तुकडा प्लगाच्या डोक्यावर चढवून बोटांनी फिरवला. आटा वाकडा लागला तर नळी आपली आपण घसरते, पाना घसरत नाही, तो जोर करत राहतो. असं बघा, निम्मी माणसं पान्यासारखी असतात. आमची ही म्हणायची, तुम्ही नळीसारखे आहात, कुणी जरा अडवलं की सुटलात. असो.

चालू केली तर आवाज कसा — मांजर मांडीवर बसून गुरगुरतंय असा. तिथंच थांबायला हवं होतं. पण उभ्या गाडीत काय कळतं? म्हटलं, कोपऱ्यापर्यंत नेऊ. कोपरा आला, छान आला, म्हणून पाण्याच्या टाकीपर्यंत नेली. टाकीच्या पुढं तो दगडधोंड्यांचा चढ. आता डोंगर चढायची गाडी चढाच्या पायथ्याशी उभी आहे, तिला मागं वळवायची म्हणजे तिचा अपमान. दिला पाय. टर्बोनं शीळ घातली, गाडी पुढं झेपावली आणि मधेच — हुक्. मग पुन्हा हुक्. माझी टोपी मागच्या सीटवर.

काय म्हणालात? गॅप? ठिणगी उडते ती फट ना? हो, गॅप लावला ना मी. चारी प्लगांचा. नवे प्लग आणले की करवतीचं पातं मधे सरकवून बघायचं, घट्ट असेल तर पक्कडीनं टोक हळूच उचलायचं. खाणीवर तीस वर्षं तेच पातं वापरलं. हे नवे प्लग फारच मिटलेले निघाले, आणि त्यांची तार सुईसारखी बारीक. मी म्हटलं, कारखान्यात बसवणारा झोपेत असणार. त्याची चूक मी सुधारली.

अहो, गाडी चालवताना हसू नका, समोर बघा.

म्हणजे मुद्दामच मिटलेले ठेवतात? टर्बो हवा दाबून कोंबते म्हणून? थांबा, मला माझ्या पद्धतीनं समजू द्या. वाऱ्यात काडी ओढली आणि दोन हातांचा आडोसा केला नाही, तर काय होतं? विझते. म्हणजे मी ठिणगीचा आडोसाच काढून घेतला. उभी असताना वारा नव्हता म्हणून गुरगुरत होती, चढावर वारा सुटला आणि काडी फुस्स. हे तुम्ही किती सोपं सांगितलंत. नाही, तुम्ही नाही, मीच सांगितलं, पण तुमच्यामुळं.

खोक्यावर लिहिलेलं असतं म्हणता? असेल. खोकं मी फार जपून ठेवलंय. वाचायचं म्हणजे — बारीक अक्षर होतं हो. चष्मा? चष्मा आहे की, हा काय खिशात. चष्म्यानं अक्षरं मोठी होतात, पण बोलत नाहीत. माझ्याशी कधी बोललीच नाहीत ती. शाळा आमच्या वाटेवर नव्हती, आणि पुढं खाणीवर कुणी विचारलं नाही. लेकीला माहीत आहे. जावईबापूंना नाही. दोन वर्षं मी त्यांच्या घरात राहतो. ते सकाळी पेपर माझ्यापुढं ठेवतात, मी तो उघडून बराच वेळ धरतो, मग म्हणतो, काही विशेष नाही आज. त्यांना ते पटतं.

आता तुमच्यापाशी कशाला लपवू. त्यांनी सांगितलं नव्हतं मला. म्हणजे सांगितलं, पण उलटं. दौऱ्यावर निघताना म्हणाले, बाबा, प्लगांना हात लावू नका, मी आलो की आपण दोघं मिळून करू. दोन वर्षांत आमच्यात जेवलात का, आणि हो, जेवलो, एवढंच बोलणं. आणि एकदम दोघं मिळून. मला चार दिवस झोप नाही. वाटायचं, हे काळं झाकण उघडतील, म्हणतील, बाबा, तुम्ही खाणीवर होता, दाखवा. आणि मला काही ओळखू आलं नाही तर? खोकं हातात देतील, म्हणतील, बाबा, आकडा वाचा जरा. म्हणून म्हटलं, एकदा गुपचूप करून बघू. कुठली टोपी कुठं, सगळं पाठ करू. मग जुने घालून ठेवू आणि ते आले की पहिल्यांदाच बघतोय असं बघू. तालीम हो, तालीम. नाटकवाले नाही का करत?

जुने आहेत ना, कुठं जातात. जुन्यांवर गाडी मुकाट चढायची. काढले की न पुसता कागदावर ओळीनं मांडायचे, ही खाणीची रीत. प्लगाच्या टोकाचा रंग बघून त्या सिलिंडरचं पोट कळतं, म्हणून सरमिसळ होऊ द्यायची नाही. पहिल्याखाली खडूची एक रेघ, दुसऱ्याखाली दोन, असे चार पायरीवर…

पायरीवर.

दादा, मी ते उचलले नाहीत. फाटकातून आत आलं की पहिली पायरी, आणि तिच्यावर चार प्लग आणि दहा रेघा. आता हळू नका घेऊ. पण डुलवूही नका. इथं डावीकडं. आता सरळ. ते निळं फाटक —

उघडं आहे.

पायरीवर बसलेत. लवकर आले. तिसरा प्लग उजेडाकडं धरून फिरवतायत, अगदी मी धरतो तसा. आता खाली ठेवला, रेघा बघून, जिथल्या तिथं. बाह्या वर केल्यात त्यांनी. आपल्याकडं बघतायत, उठत नाहीत. आणि शेजारी ते काय — स्वयंपाकघरातली स्टुलं आहेत.

उतरवा गाडी. त्या डागावर नको, इथंच राहू द्या. माझी टोपी तेवढी द्या मागची. आणि तुम्ही निघा आता. नाही, चहाला थांबू नका, पुन्हा कधीतरी या. आज दोनच स्टुलं आहेत.