सकाळचा पेला

गायत्री: आवाज कमी करा आबा. पडद्यापलीकडे दुसरे पेशंट आहेत.

भाईदास: असू दे. त्यांनाही कळू दे नव्या गोळीनं काय होतं ते. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, जुनं चालू आहे ते चालू दे. पण तू मास्तरीण! तुले जगातलं सगळं वाचायचं.

धुरपदाबाई: अहो, पोरीवर कायले ओरडता? आजारी मी आहे. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा.

भाईदास: सकाळी फोन येतो, तुमच्या बाईचं पोटॅशियम सहा पॉइंट दोन, लगेच बुऱ्हाणपूरला घेऊन या, हृदय बंद पडू शकतं. निंबोल्यापासून इथवर मी कशी गाडी चालवली, मले माहीत.

गायत्री: कार्डिओग्राम ठीक आला ना? पोटॅशियम उतरवायची पावडर दिली, दोन तासांनी परत रक्त घेतील. ते सांभाळतील आबा. आता प्रश्न गोळीचा आहे. इंदूरचे किडनीचे डॉक्टर चारला निघतात, मग थेट पंधरा दिवसांनी येतात. त्यांनी साफ सांगितलंय, पोटॅशियम वाढायचं दुसरं काही कारण सापडलं नाही, तर ही गोळी आईला मानवत नाही असं धरून कायमची बंद.

भाईदास: मग होऊ दे बंद! सुंठीवाचून खोकला गेला.

गायत्री: खोकला नाही, किडनी आहे. मागच्या वर्षी काय म्हणाले होते? असंच चाललं तर दोन वर्षांत डायलिसिस. ही गोळी सुरू करून चार महिने झाले, लघवीतून जाणारं प्रोटीन अर्ध्यावर आलं. अर्ध्यावर! रोग मिटत नाही, पण हळू होतो. तिला आणखी वर्षं मिळतात. आईसारख्या हजारो शुगरवाल्या पेशंटवर वर्षानुवर्षं पाहिलंय हे.

भाईदास: त्या हजारांत निंबोल्याचं कोण होतं?

धुरपदाबाई: मी झाले ना आता.

गायत्री: आई, मस्करी नको. पोटॅशियम थोडं वाढेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून तर दर महिन्याला रक्त. पहिल्या महिन्यात चार पॉइंट सात, दुसऱ्यात चार आठ, तिसऱ्यात पाच. आणि आता एकदम सहाच्या वर? बीच में कुछ तो बदला. सच बता, केळं खाल्लंस?

धुरपदाबाई: केळीच्या गावात राहते आणि दोन वर्षांत केळं चाखलं नाही. विचार यांना.

भाईदास: घरात केळ्याची फणी ठेवत नाही मी. पाहुणे आले तर ओट्यावर खाऊन घेतात, सालं तिकडेच टाकतात.

गायत्री: नारळपाणी?

धुरपदाबाई: नाही.

गायत्री: ते कमी सोडियमवालं मीठ कोणी आणून दिलं? त्यात पोटॅशियम असतं.

धुरपदाबाई: तू आणलेलं साधंच. तेही चिमूटभर.

गायत्री: बटाटा?

धुरपदाबाई: तुकडे करून रात्रभर पाण्यात. पाणी फेकायचं, मग भाजी. चवही त्याच पाण्यासोबत जाते.

गायत्री: एकादशीला?

धुरपदाबाई: उपासच सोडले. देवाले सांगितलं, डॉक्टर नाही म्हणतो.

भाईदास: बघ! सगळं पाळते ती. मग राहिलं काय? गोळीच ना?

गायत्री: थांबा. आई, पदर नीट कर जरा. नाही, इकडे फिर, उजेडाकडे. हे काय आहे?

धुरपदाबाई: चहा सांडला असेल.

गायत्री: चहाचा डाग तपकिरी असतो. हा काळा पडलाय. आबांच्या एकूण एक सदऱ्यावर हाच डाग आहे, मी लहानपणापासून बघतेय. केळीचा चीक आहे हा. तू दोन वर्षांत बागेत पाऊल टाकलं नाहीस. मी दिवाळीला दिलेल्या साडीवर चीक आला कुठून?

धुरपदाबाई: यांच्या कपड्यांत धुतली गेली असेल.

गायत्री: धुतल्यानं असे थेंब नाही पडत. छातीवर, एकाखाली एक. काहीतरी पिताना ओघळल्यासारखे.

धुरपदाबाई: घरी गेल्यावर सांगते.

गायत्री: घरी जाईपर्यंत चार वाजून जातील आई!

भाईदास: अगं, त्यात लपवायचं काय? मी देतो तिले. खोडाचा रस.

गायत्री: काय?

भाईदास: घड कापला की खोडाच्या आतला पांढरा गाभा काढायचा, किसायचा, फडक्यातून पिळायचा. सकाळी उपाशीपोटी पेलाभर. खकनारच्या वामनचा मुतखडा पडला त्यानं. किडनी पार धुऊन निघते. केळं थोडीच आहे ते?

गायत्री: कधीपासून देताय?

भाईदास: महिना झाला असेल. एक दिवस चुकवला नाही.

गायत्री: आबा, वामनकाकांना खडा होता. आईचं वेगळं आहे. तुम्ही केळीला ड्रिपमधून काय सोडता?

भाईदास: आता इथे शेतीचं कायले काढते?

गायत्री: सांगा ना.

भाईदास: युरिया. पोटॅश. केळीले पोटॅश लई लागतो, नाही तर घड भरत नाही.

गायत्री: तो पोटॅश जातो कुठे?

भाईदास: खोडात. खोड साठवून ठेवतं, मग घडाले...

गायत्री: तोच आहे हा, आबा. पोटॅशमधलं पोटॅशियम. चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते. आईची टाकू शकत नाही. ते रक्तात साठत राहतं.

धुरपदाबाई: पुरे आता गायत्री. पाणी दे त्यांना.

भाईदास: पेला मोठा होता. पितळी. काठोकाठ भरायचो मी.

गायत्री: तुम्हाला माहीत नव्हतं.

भाईदास: रोज तिच्या हातात विष देत होतो आणि गोळीले शिव्या घालत होतो.

गायत्री: पण मला एकदा विचारायचं तरी!

भाईदास: काय विचारू? गोळ्या तू आणते, रिपोर्ट तू वाचते, डॉक्टरशी तू बोलते. मी बाहेर बाकड्यावर चपला सांभाळत बसतो. तिची किडनी जाते आहे, हे मलेही दिसतं ना! रात्रभर डोळ्याले डोळा लागत नाही. बाग सोडून मले काय येतं? बागेत जे होतं, ते आणून दिलं.

गायत्री: आणि आई, तू? पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, घरचा काढा, रस, काही घेता का? तू नाही म्हणून मान हलवलीस. तुला ठाऊक होतं ना?

धुरपदाबाई: इतकं असेल असं नव्हतं वाटलं.

गायत्री: पण ठाऊक होतं.

धुरपदाबाई: तूच भिंतीवर यादी लावली आहे ना? केळं पहिल्या नंबरावर. केळाचं झाड काय वेगळं असणार?

गायत्री: मग प्यायलीस कशाला? जीव गेला असता तुझा!

धुरपदाबाई: ओरडू नको. तू आता म्हणालीस ना, पडद्यापलीकडे माणसं आहेत... पस्तीस वर्षं त्या घरात पहिली मी उठते. अंगात ताप असो, तू पोटात असो, चहा माझ्याच हातचा. आणि एका सकाळी डोळे उघडले तर हे समोर उभे. हातात पेला, बोटं चिकानं काळी. म्हणे, पिऊन घे, बरं वाटेल. तुरट होतं गं, घशाखाली उतरेना. पण नको कसं म्हणू? सांग तूच.

भाईदास: नको म्हणायचं होतं धुरपदा.

धुरपदाबाई: मग तुम्ही परत कधी माझ्यासाठी पहाटे उठले नसते.

गायत्री: साडेतीन होत आले. मी जाते, डॉक्टरांना सांगते.

भाईदास: थांब. मी सांगतो.

गायत्री: ते चिडतील आबा.

भाईदास: चिडू दे. रस मी काढला, मीच सांगीन. तू आईजवळ बस.

(वीस मिनिटांनी भाईदास परत येतात.)

धुरपदाबाई: रागावले?

भाईदास: नाही. रस कसा काढतो, किती देतो, सगळं विचारलं. लिहून घेतलं. म्हणाले, बरं झालं सांगितलं, आता या बाजूच्या प्रत्येक पेशंटले विचारावं लागेल.

गायत्री: आणि गोळी?

भाईदास: आजपासून बंद. रस तर कायमचाच बंद. आठ दिवसांनी रक्त. पाचच्या आत आलं तर गोळी परत, कमी ताकदीची. मी दोनदा विचारलं, डॉक्टर साहेब, परत मतलब पक्का परत ना? हिची वर्षं जायला नकोत.

गायत्री: तुम्ही विचारलंत? त्याच गोळीसाठी?

भाईदास: हौ. हसले ते. पक्का म्हणाले.

धुरपदाबाई: बसा आता. सकाळपासून उभे आहात.

भाईदास: धुरपदा, मग उद्या सकाळी मी काय करू?

धुरपदाबाई: उठायचं. त्याच पेल्यात साधं पाणी आणायचं. मी पिते.