कमरेएवढा हरभरा

माती तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक मोठी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

"ताई, माझा हरभरा कमरेएवढा झालाय!"

"आणि घाटे किती लागलेत?"

"औषध कंपनीचा माणूस फोटो काढून गेला. जाहिरातीत माझंच शेत झळकणार."

"अरे, मी घाटे विचारतेय."

"जस्त, बोरॉन, वर वाढीचं टॉनिक. पाच वेळा फवारलंय मी."

"मी फुलोऱ्यात एकदाच फवारलं, पाकिटावर लिहिलंय तेवढंच."

"म्हणूनच तुझी झाडं गुडघ्याएवढी राहिली."

"हो, आणि घाट्यांच्या वजनाने वाकलीत. तुझी?"

"ताठ उभी आहेत."

"मग रांगेत कशाला आलास?"

"मातीतच खोट आहे, असं लिहून हवंय."

"अरे, आपली शेतं बांधाला बांध लागून आहेत. माती एकच आहे."

"हळू बोल ना, खिडकीतले साहेब ऐकतील!"