नापास चादरी

इस्रायलमधल्या डिमोना गावची कापडगिरणी बंद होऊन आठ महिने झाले होते. पेताह तिक्वा शहराला जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे त्या गिरणीतले दोघे मराठीत बोलत होते: कापड तपासणारे मनाशे आणि विणकर सिपोराबाई.

"मनाशेभाऊ, माझ्या जुन्या चादरी कशाला हव्यात?"

"पेताह तिक्वात मी कामाला जातो, त्या कॉम्प्युटर कंपनीतली पोरं कॅमेऱ्याला कापडातली खोट ओळखायला शिकवतात. चांगलं कापड ढीगभर आहे त्यांच्याकडे, खोट असलेलं मिळत नाही."

"मग डिमोनात या म्हणावं. घरोघरी सेकंडचाच माल. माझ्या तर सगळ्या चादरी तुम्हीच नापास केलेल्या."

"म्हणून तुला आणायला सांगितल्या."

"चार आणल्यात. वीस वर्षं त्यांच्यावर निजून तुम्हाला शिव्या घातल्या."

"ठाऊक आहे. आता ऐक. मी खोट दाखवतो, पण ती विणताना साच्यावर, मागावर, कशानं पडली, ते पोरं विचारतात. मी कुठे विणलंय? तुझं नाव दिलंय कामाला."

"मला? कॉम्प्युटरचं बटणसुद्धा ठाऊक नाही."

"बटण तिथली ताल नावाची पोरगी दाबते. तू कारण सांगायचं."

"ते सांगेन. उपकार झाले, भाऊ. घरी बसून जीव गेला होता. पण ही चादर बघा आधी."

मनाशेंनी ती उन्हात धरली, अंगठा फिरवला.

"हिच्यात खोट नाही."

"नव्हतीच कधी."

"मग ही कंपनीला नको."

"देतंय कोण? माझा निव जन्मला, तेव्हा त्याला हिच्यातच गुंडाळून इस्पितळातून घरी आणला. तुमच्या चुकीनं एक चांगली चादर घरात आली, एवढं सांगायचं राहिलं होतं. चला, बस लागली."